बिननावाचं पत्रक

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)



मी पांढरकवड्याचा. नागपूरहून हैदराबादकडे निघालात की महामार्गावर आमचं गाव लागतं. पुढे पाटणबोरी, आणि पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. कापसाचा मुलूख. या गावात माझा छापखाना होता. होता म्हणतो, कारण आता त्या जागेत माझ्या मुलाचं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि पायाने चालवायचं ट्रेडल मशीन मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभं आहे.

लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, जिनिंगच्या पावत्या, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि निवडणूक आली की पत्रकं, हा माझा धंदा. मला बोलायला बोलावलं ते ‘अध्यक्षपदाच्या निवडणुका आणि विरोधी प्रचार’ या विषयावर. मी म्हटलं, साहेब, मी काही राज्यशास्त्राचा प्राध्यापक नाही. तर ते म्हणाले, ‘काका, तुम्ही प्रचार छापलाय ना? मग तेच सांगा.’

तर तेच सांगतो.

निवडणुकीचा पंधरवडा म्हणजे आमची दिवाळी. गुलाबी, पिवळा, हिरवा पतंगी कागद, वर चिन्हाचा ब्लॉक, मधे उमेदवाराचं नाव जाड टाइपात, खाली ‘आपले नम्र’ म्हणून वीस-पंचवीस नावं. त्या नम्रांच्या यादीत आपलं नाव वर की खाली यावरून माझ्या दुकानात भांडणं झालेली आहेत. आणि सगळ्यांत खाली, मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ असते : मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, प्रती इतक्या. ती ओळ कुणी वाचत नाही. पण मी ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहे ती या ओळीचीच आहे.

लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात १२७-क नावाचं एक कलम आहे. १९६१ साली ते घातलं गेलं. निवडणुकीचं कुठलंही पत्रक किंवा पोस्टर छापायचं तर त्यावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. छापून घेणाऱ्याने तसं सही करून द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर सह्या करायच्या. मग छापखानेवाल्याने ते घोषणापत्र आणि छापलेल्या पत्रकाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. राजधानीत छापलं असेल तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. नाही केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम लोकसभा-विधानसभेसाठीचं आहे, पण नगर परिषदेच्या वेळीही आम्हाला तहसीलमध्ये बोलावून तीच ताकीद मिळायची. आम्ही मान डोलवायचो आणि चहा पिऊन यायचो.

आता २००१ साल. त्या वर्षी नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचे होते. एक गंमत लक्षात घ्या. राष्ट्रपतींना आपण मत देत नाही, खासदार-आमदार देतात. अमेरिकेचा अध्यक्ष तिकडचे लोक निवडतात. आपण शहरगावची साधी माणसं ज्याला ‘अध्यक्ष’ म्हणून स्वतः बटण दाबून किंवा शिक्का मारून निवडतो, असा एकच : नगराध्यक्ष. त्यामुळे त्या निवडणुकीला भलताच रंग चढला. आमच्या भागातल्याच एका नगर परिषदेत एक बाई उभ्या होत्या. गावाचं नाव सांगत नाही, त्यांचंही नाही.

मतदानाला दोन रात्री उरलेल्या. दहाच्या सुमाराला एक जण शटर वाजवत आला. ओळखीचा माणूस. हातात वहीचं पान. म्हणाला, ‘भाऊ, दोन हजार पाह्यजे, सकाळी पाचले नेतो.’ पान वाचलं. त्यात त्या बाईंच्या पक्षाबद्दल, कामाबद्दल एक शब्द नव्हता. नळाचं पाणी नाही, नाल्या तुंबल्या, घरपट्टी वाढली, काही नाही. होतं ते त्यांच्या घरातलं. ते मी आजही इथे सांगणार नाही, कारण एकदा छापून मी पुष्कळ सांगितलेलं आहे.

मी विचारलं, ‘खाली नाव कोणाचं टाकू?’

तो म्हणाला, ‘नाव कायले लागते?’ आणि तिप्पट पैसे टेबलावर ठेवले.

माझे कंपोझिटर घरी गेले होते. खिळे मी स्वतः जुळवले, मशीन मी स्वतः मारलं. त्या वर्षी बोंडअळीने कापूस गेला होता, गावात उधारी थकली होती, कागदवाल्याचं देणं होतं, अशी कारणं मी पुढे मनाशी पुष्कळ सांगितली. खरी गोष्ट एवढीच की पैसे समोर होते आणि नाव नव्हतं. नाव असतं तर मी छापलं नसतं. आणि नाव द्यावं लागतं, तर त्यानेही छापून घेतलं नसतं.

सकाळी कंपोझिटर आले. फर्मा अजून तसाच होता, खिळे केसमध्ये सोडायचे राहिले होते. ते उलटी अक्षरं सुलटी वाचावीत तशी वाचत. त्यांनी वाचलं, काही बोलले नाहीत, एकेक खिळा उचलून घरात टाकत बसले. त्या दिवशी त्यांनी जेवणाची सुटी घेतली नाही.

बाई पडल्या. पत्रकामुळे पडल्या का, हे मला सांगता येणार नाही.

महिनाभराने त्या माझ्या दुकानात आल्या. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका मी आदल्या वर्षीच छापल्या होत्या. मी उठून खुर्ची दिली. त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले. एक लग्नपत्रिका, दुसरं ते गुलाबी पत्रक. दोन्ही शेजारी ठेवले आणि एका अक्षरावर बोट ठेवलं.

‘हा ळ तुमचाच ना जी?’

श्रोतेहो, आमच्या सोळा पॉइंटच्या केसमध्ये एक ळ होता. त्याची उजवी गाठ उडालेली होती. नवा फाउंट मागवायचा म्हणून दोन वर्षं लोटली होती. लग्नपत्रिकेवर ‘मंगळवार’ होता, पत्रकावर ‘काळे’ होतं. दोन्हीकडे तोच लंगडा ळ. मी मुंगीएवढी ओळ छापली नव्हती, तरी माझं नाव त्या कागदावर गेलंच होतं.

मी काही बोलू शकलो नाही. मला वाटलं, आता ओरडतील, पोलिसात जातील. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाल्या, ‘हे खोटं आहे, हे मले सांगायचं आहे. पण सांगू कोणाले? समोर माणूस असता तं सांगतलं असतं. या कागदाले काय सांगू? तुमी नाव सांगा, मंग मी पाह्यतो काय ते.’

मी नाव सांगितलं नाही. धंद्यातली गुप्तता वगैरे काहीतरी पुटपुटलो. त्यांनी दोन्ही कागद घडी करून पिशवीत ठेवले आणि गेल्या.

तेव्हापासून या विषयावर जे दिसेल ते वाचण्याची मला सवय लागली. आमच्या वाचनालयातली पुस्तकं, रविवारच्या पुरवण्या, पुढे मुलाच्या संगणकावर मिळेल ते. वाचता वाचता कळलं की माझ्यासारखं पत्रक थेट राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतही निघालेलं आहे.

१९६९ ची गोष्ट. मे महिन्यात राष्ट्रपती झाकीर हुसेन गेले. ऑगस्टमध्ये निवडणूक झाली. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, त्यांच्यासमोर व्ही. व्ही. गिरी, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारे तेच सी. डी. देशमुख, त्यांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचा पाठिंबा होता. त्या प्रचारात रेड्डींच्या खासगी चारित्र्यावर शिंतोडे उडवणारं एक निनावी पत्रक निघालं. ते खासदारांना टपालाने गेलं, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्येही फिरलं. म्हणजे मतदार सगळे खासदार आणि आमदार, शिकलेसवरलेले, कायदे करणारे. आणि तिथेही तोच कागद. गिरी जिंकले, पण जेमतेम. पहिल्या पसंतीत कोणालाच बहुमत नव्हतं. दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर गिरींना ४,२०,०७७ आणि रेड्डींना ४,०५,४२७ मतमूल्य मिळालं. देशमुखांना पहिल्या पसंतीची १,१२,७६९.

पुढे निवडणुकीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. राष्ट्रपती असताना गिरी स्वतः न्यायालयात जाऊन साक्ष देऊन आले. त्या पत्रकामागे गिरींचा हात किंवा संमती होती, हे सिद्ध झालं नाही, आणि पत्रकामुळे निकाल बदलला हेही सिद्ध झालं नाही. १९७० साली याचिका फेटाळली गेली. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक हातात धरून बसलो होतो. बाई पत्रकामुळे पडल्या का, हा माझा प्रश्न. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाला साक्षीपुरावे घेऊनही ज्याचा छडा लागत नाही, तो मला एकट्याला रात्री उशीवर काय सुटणार!

याच्या उलटही सांगतो. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदाला उभ्या होत्या. सासर अमरावतीचं, १९९१ साली तिथूनच लोकसभेवर गेलेल्या, म्हणजे आमच्या शेजारच्याच. त्या वेळीही त्यांच्यावर आरोपांची सरबत्ती झाली, राष्ट्रपतिपदाच्या मानाने फारच कडवट. पण आरोप करणारे नावानिशी पत्रकार परिषदा घेत होते, पुस्तिका काढत होते, दुसऱ्या बाजूचे लोक त्यांना उत्तरं देत होते. त्यातलं खरंखोटं मी इथे करणार नाही. शिवसेना तेव्हा भाजपसोबत असूनही मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंच्या बाजूने गेली. निकाल लागला तेव्हा त्यांचं मतमूल्य ६,३८,११६ आणि भैरोसिंह शेखावत यांचं ३,३१,३०६. प्रचार कडवट होता, पण तो बिनचेहऱ्याचा नव्हता.

मला जे समजलं ते एवढंच आहे. टीका तिखट असली म्हणून बिघडत नाही. २०१४ च्या विधानसभेला ‘कुठे नेऊन ठेवला महाराष्ट्र माझा’ असा सवाल भाजपच्या जाहिराती विचारत होत्या. विरोधी प्रचारच होता तो, पण खाली चिन्ह होतं. म्हणून तर पुढे तीच ओळ लोकांनी त्याच पक्षाला उलट विचारली. नाव असलं की शब्द परत घरी येतात.

आता थोडं अमेरिकेचं, कारण हा प्रकार त्यांनी कारखान्यासारखा चालवला. १९६४ साली अध्यक्ष जॉन्सन यांच्या प्रचाराने एक जाहिरात काढली. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या मोजत मोजत तोडते आहे, तेवढ्यात मागून पुरुषी आवाजात उलटी मोजणी सुरू होते आणि अणुबॉम्बचा स्फोट. विरोधी उमेदवार गोल्डवॉटर यांचं नावसुद्धा घेतलेलं नाही. ७ सप्टेंबरला ती पैसे भरून एकदाच दाखवली. बाकीचं काम बातम्यांनी फुकट केलं. तरी शेवटी जॉन्सनना मत द्या असं स्पष्ट होतं; कोणी केली ते कळत होतं.

१९८८ साली पाऊल पुढे पडलं. थोरले बुश विरुद्ध डुकाकिस. डुकाकिस ज्या राज्याचे गव्हर्नर होते तिथला विली हॉर्टन नावाचा एक खुनी कैदी सुटीवर सोडला असताना पळाला आणि त्याने आणखी भयंकर गुन्हे केले. त्याचा फोटो दाखवणारी जाहिरात निघाली. कैदी काळा होता, आणि जाहिरातीचा रोख कुठे होता ते न सांगताही कळत होतं. पण ती जाहिरात बुश यांच्या प्रचार कार्यालयाने काढलेली नव्हती, बाहेरच्या एका गटाने काढली होती. बुश यांची माणसं म्हणू शकत होती, आमचा काय संबंध? आमच्या रात्री दहाच्या गिऱ्हाइकाची आठवण झाली मला.

२००२ साली तिथे कायदा झाला. उमेदवाराच्या जाहिरातीत त्याने स्वतःच्या आवाजात म्हणायचं, मी अमुक, आणि या जाहिरातीला माझी संमती आहे. आपली मुंगीएवढी ओळच ती, फक्त बोलकी केलेली. २००४ च्या निवडणुकीपासून ती तिथे ऐकू येऊ लागली. आणि त्याच वर्षी सर्वांत जास्त गाजलेली जाहिरात, जॉन केरी यांच्या युद्धातल्या कामगिरीवर शंका घेणारी, पुन्हा बाहेरच्याच गटाने काढली! म्हणजे ओळ लिहिली की पळवाट सापडते, ते इथून तिथून सारखंच.

मात्र त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जिचा मला हेवा वाटतो. वादविवाद. २६ सप्टेंबर १९६० ला केनेडी आणि निक्सन पहिल्यांदा दूरचित्रवाणीवर समोरासमोर उभे राहिले. सुमारे सात कोटी लोकांनी ते पाहिलं. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले आणि पाहणाऱ्यांना केनेडी, असं नेहमी सांगतात. रेडिओवर बसून ही गोष्ट सांगायला मला फार आवडली असती, पण तिचा आधार तोकडा आहे. पुढे सोळा वर्षं असा सामना झालाच नाही; १९७६ पासून मात्र दर निवडणुकीला होतो. तिथेही ओरडाआरडा असतो, खोटंही बोललं जातं. २०२४ च्या जूनमध्ये तर एक बोलत असताना दुसऱ्याचा माइक बंद ठेवावा लागला. पण त्या एका रात्रीत बायडेन यांची अवस्था सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि महिन्याच्या आत त्यांनी माघार घेतली. कुठल्या पत्रकाने ते झालं नसतं. आरोप करणारा तिथेच उभा, उत्तर देणाराही तिथेच उभा. बाईंना हवं होतं ते हेच.

आपल्याकडे नेते येतात, मोठमोठ्या सभा होतात. मार्च २०१४ मध्ये आमच्याच मतदारसंघातल्या, आर्णी तालुक्यातल्या दाभडीला नरेंद्र मोदींची ‘चाय पे चर्चा’ झाली. शेतकऱ्यांनी प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली. गर्दी लोटली होती. पण खुर्ची एकच होती. हे मी एका पक्षाबद्दल म्हणत नाही. दुसऱ्या कोणी तरी दुसरी खुर्ची कधी मांडली?

तुम्ही ज्यावर मला ऐकता आहात त्या आकाशवाणीवर १९७७ पासून पक्षांना निवडणुकीच्या वेळी बोलायला वेळ मिळतो. भाषण आधी तपासून घेतात, आणि कोणाचं नाव घेऊन टीका करायला मनाई असते. त्यामुळे ती भाषणं इतकी गुळगुळीत होतात की ऐकताना झोप यावी. एकीकडे नाव घेऊन बोलायचं नाही, दुसरीकडे नाव न देता बोललेलं गावभर फिरतं. मधली जागा, जिथे नावाने विचारावं आणि नावाने उत्तर द्यावं, ती रिकामी. वाहिन्यांवरच्या जाहिराती आधी तपासून घ्याव्यात असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश एप्रिल २००४ चा आहे, त्यासाठी जिल्ह्या-जिल्ह्यात समित्या आहेत. निवडणूक आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये फलकांवरही मुद्रक-प्रकाशकाचं नाव हवं असं बजावलं. माझ्या मुलाच्या फ्लेक्सवर आता ती ओळ असते. मी रोज संध्याकाळी चष्मा लावून तपासतो. तो वैतागतो.

पण आता पत्रक कागदावर निघतच नाही. २०२५ च्या डिसेंबरमध्ये राज्यात नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या, नगराध्यक्ष पुन्हा थेट. नातवाने मला मोबाइलवर एक आवाज ऐकवला, एका उमेदवाराचा म्हणून. तो त्याचा नव्हताच, यंत्राने बनवलेला होता, असं नातू म्हणाला. मी विचारलं, कुठून आला? तर म्हणे ‘फॉरवर्ड’. मी तो आवाज तीनदा ऐकला. कुठे काही तुटलेलं ऐकू येतं का पाहत होतो.

त्यानंतर दोन दिवसांनी मी एसटीने त्या बाईंच्या गावी गेलो. ज्याने पत्रक छापून घेतलं तो माणूस मागच्या उन्हाळ्यात वारला. त्यांना म्हटलं, ‘बाई, चोवीस वर्षांपूर्वी तुम्ही नाव विचारलं होतं. आता सांगायला आलो.’

त्या तूर निवडत होत्या. म्हणाल्या, ‘माहीत हाये जी मले. दोन वर्सानं समजलं होतं. पण तवा लोकं ते पत्रक इसरून गेले होते. म्या उत्तर द्याले गेली असती तं सगळ्यायले पुन्हा याद आली असती. म्हून चूप राह्यली.’

मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, ‘नाव नका घेऊ इथं. त्याची सून आमच्या बचत गटात हाये, आता येईनच ती पैसे भराले.’

आणि चहा ठेवायला आत गेल्या.